मशीनचं तेल

रुद्राणीच्या स्कूटरचा पुढचा ब्रेक ओरडायला लागला, आणि त्याचा त्रास तिच्यापेक्षा तिच्या सासऱ्यालाच जास्त व्हायला लागला.

विश्वेश्वरआप्पांचं सिरसाळ्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत कापडाचं दुकान होतं. दुकानाच्या तोंडाशी शिलाई मशीन, मागे घर. आयुष्यभर त्या मशीनवर परकर, पोलकी आणि शाळेचे गणवेश शिवलेल्या या माणसाला कुठल्याही यंत्राची कुरकुर सहन होत नसे. पंखा कुरकुरला, दाराची बिजागरी वाजली, की आप्पा हातातलं काम टाकून तेलाची कुपी घेऊन उठायचे. आवाज गेला की मगच त्यांचा जीव खाली बसायचा.

रुद्राणी परळीला एका खासगी लॅबमध्ये कामाला होती. ज्यांना उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल त्यांच्या घरी सकाळीच जायचं, नमुने घ्यायचे आणि वेळेत लॅबला पोचवायचे, असं तिचं काम. एसटीच्या भरवशावर ते होण्यासारखं नव्हतं. तिनं गाडीचा विषय काढला तेव्हा सासू मल्लम्मा गप्प बसली, नवरा महांतेश पुण्याहून फोनवर "बघू" म्हणाला. "घे" म्हणाले ते एकटे आप्पा. "शिकली-सवरली पोरगी काय काजं-बटनं करायला बसवायची का?" असं त्यांनी बायकोला ऐकवलं होतं. तेव्हापासून रुद्राणी रोज सकाळी गल्लीतून निघाली, की आप्पा हातातलं माप थांबवून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत बसायचे.

परळीच्या रस्त्यावर वीज केंद्रातल्या राखेचे टिप्पर धावतात. ती राख उडते, कपड्यांत बसते, गाडीच्या सांध्यासांध्यात बसते. त्या राखेनंच असेल, पुढच्या चाकाची डिस्क ब्रेक दाबला की किंचाळायची. बाजारात माणसं वळून बघायची.

"लाज वाटती मामा," रुद्राणी एकदा आप्पांना हसत म्हणाली. "मी आले की साऱ्या सिरसाळ्याला कळतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चुलत जावेकडं गेलेली असताना आप्पांनी कुपी उचलली. स्कूटरसमोर उकिडवे बसून त्यांनी पुढच्या चाकाच्या त्या लोखंडी चकतीवर दोन्ही बाजूंनी मशीनचं तेल सोडलं. गाडी पुढेमागे ढकलून ते सगळीकडं फिरवलं. वर आलेलं फडक्यानं पुसून घेतलं. गाडी जरा ढकलून ब्रेक दाबून बघितला. आवाज नाही. आप्पांना बरं वाटलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पोरीला आपसूक कळेल, मग ती विचारेल, मग आपण सांगू, असं त्यांच्या मनात होतं.

सकाळ बाजारच्या दिवसाची होती. गल्लीच्या तोंडाशी पाल ठोकायची गडबड चालली होती. रुद्राणी निघाली आणि बसस्टँडच्या कोपऱ्यावर भिवराबाई डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं घेऊन रस्ता ओलांडताना तिला दिसली. मध्ये भरपूर जागा होती. रुद्राणीनं पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. तिनं अजून जोरानं दाबला. गाडी तशीच पुढं जात राहिली. शेवटी घाबरून तिनं मागचा ब्रेक आवळला, रस्त्यावरच्या खडीवरून मागचं चाक सरकलं, गाडी आडवी झाली आणि घसरत जाऊन भिवराबाईच्या पायावर आदळली. भिवराबाई उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं.

आप्पा धावत गेले तेव्हा भिवराबाई रस्त्यात बसून आपला हात मांडीवर घेऊन त्याच्याकडं बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. रुद्राणीचा कोपर सोलला होता, पण ती स्वतःकडं न बघता भिवराबाईला आधार देत होती. "मावशी, हात हलवू नका, हात हलवू नका," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आप्पांनी गाडी उचलली. उचलताना त्यांची नजर पुढच्या चाकावर गेली. चकती चकचकत होती. त्यांनी नजर काढून घेतली.

भिवराबाईला आप्पा फार वर्षं ओळखत. ती गोधड्या शिवायची. आप्पांच्या दुकानात उरलेली कात्रणं तिच्यासाठी एका पिशवीत साठवलेली असायची. तिचा मुलगा सुग्रीव एका ठेकेदाराकडं टिप्पर चालवायचा. रागीट, पण आईवर जीव टाकणारा. आईच्या हाताला प्लास्टर घालून तो दुपारी थेट आप्पांच्या दुकानाच्या ओट्यासमोर आला. गल्लीतली चारदोन माणसं जमली.

"पोलिसात जायला लावता का मला, आप्पा?" सुग्रीव म्हणाला. "मोकळा रस्ता. समोर मानूस दिसतोय. तरी गाडी घातली. हिचं ध्यान कुठं होतं?"

"मी ब्रेक दाबला होता, दादा," रुद्राणी दारातून म्हणाली. "शपथ. ब्रेक लागलाच न्हाई."

"समदे असंच म्हणत्यात!"

सगळे आप्पांकडं बघायला लागले. घरातलं वडीलधारं माणूस काय बोलतं, त्यावर पुढचं ठरणार होतं.  आप्पांच्या मनात एक विचार उठत होता, त्याला त्यांनी वर येऊच दिलं नाही. तेलानं यंत्र चालतं, तेलानं कधी काही बिघडत नाही, हे ते जन्मभर बघत आले होते. ब्रेक हँडलला आहे, तेल चाकाला घातलं होतं. त्याचा याच्याशी काय संबंध?

"पोरीची चूक झाली," आप्पा म्हणाले. "सकाळच्या घाईत असती ती. जरा जोरात चालवती. सुग्रीव, तू पोलिसाचं काढू नको. ही गाडी आता रस्त्यावर दिसणार न्हाई. माझा शब्द."

रुद्राणीनं त्यांच्याकडं बघितलं. तिला राग आला असता तर आप्पांना सोसलं असतं. पण ती नुसतीच बघत राहिली, मग आत गेली. सुग्रीव शांत झाला. माणसं पांगली. "आप्पानं न्याव केला," असं जाताजाता कुणीतरी म्हणालं, आणि ते शब्द आप्पांच्या कानात बराच वेळ वळवळत राहिले.

गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली. रुद्राणी एसटीनं जायला लागली. एसटी यायची तेव्हा यायची. ती परळीला पोचेपर्यंत म्हाताऱ्या माणसांनी वाट बघून चहा घेतलेला असायचा, मग त्या दिवसाचा नमुना बुडायचा. लॅबच्या मालकानं गोडीतच सांगितलं, की घरोघरचं काम आता दुसऱ्याला द्यावं लागेल, तू इथं बसून नोंदी कर. महांतेश फोनवर म्हणाला, "विकून टाक गाडी. जिवानिशी वाचलीस, लई झालं."

"मी ब्रेक दाबला होता," रुद्राणी म्हणाली. हे वाक्य ती आता घरात कुणाला सांगण्यासाठी म्हणत नसे. ताट वाढताना, कपडे वाळत घालताना, मध्येच म्हणून जायची.

आप्पा ते ऐकायचे. रस्त्यापलीकडं सिदूचं गॅरेज होतं. दुकानात बसून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. "का रे सिदू, डिस्कला तेल लागलं तर काय होतं?" एवढं विचारायचं होतं. आप्पांनी ते विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

सुट्टीच्या दिवशी रुद्राणीनं ताडपत्री ओढून काढली आणि सिदूला बोलावून आणलं.

"वहिनी, गाडी विकायची हाय ना? मग कावून बघायची?" सिदू म्हणाला.

"विकायची असली तरी तिला काय झालं हे कळाया पायजे. पुढं घेणारा पडला तर?"

सिदू बसला. आप्पा मशीनवरून उठून अंगणाच्या दारात येऊन उभे राहिले. जावं की थांबावं, त्यांना कळत नव्हतं.

हँडलजवळच्या डबीला छोटी काच असते, तिच्यातून ब्रेकचं तेल किती आहे ते दिसतं. सिदूनं वाकून बघितलं. तेल बरोबर होतं. मग त्यानं डबीपासून चाकापर्यंत आलेला पाइप बोटांनी चाचपला. कुठंही ओल नव्हती, चीर नव्हती.

"हवा शिरली असंल," तो म्हणाला. "पाइपात हवा असली की ब्रेक लागत न्हाई."

"हवा असली तर लिव्हर मऊ लागंल ना?" रुद्राणी म्हणाली. "त्या दिवशी मऊ न्हवता. कडक होता. मी मुठीनं आवळला होता. दाब लागत होता, पण गाडी थांबत न्हवती."

"काढून तर बघू. आप्पा, जरा हिकडं या. मी म्हणलं की लिव्हर दाबून धरायचा, सोड म्हणलं की सोडायचा."

आप्पा पुढं आले. लिव्हर हातात घेतला. खाली सिदूनं चाकाजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं.

"दाबा. धरा. आता सोडा."

नळीतून तेल आलं. स्वच्छ. एक बुडबुडा नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. आप्पांच्या तळहाताला घाम आला, लिव्हर निसटायला लागला. प्रत्येक वेळी ते मनात म्हणत होते, हवा निघू दे. एखादा तरी बुडबुडा निघू दे. रुद्राणी त्या नळीकडं डोळे लावून बसली होती, आणि आप्पांच्या लक्षात आलं, की आपण दोघं एकाच ठिकाणी बघतोय, पण तिला खरं काय ते हवंय आणि मला ते नकोय.

"हवा न्हाई," सिदू म्हणाला.

गाडी मोठ्या स्टँडवर घेतली. सिदूनं मागून भार देऊन पुढचं चाक उचललं आणि आप्पांना ब्रेक दाबून धरायला लावला. रुद्राणीनं हातानं चाक ढकललं. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना चाक फिरलं. जड फिरलं, पण फिरलं.

"बघ सिदू," ती म्हणाली.  "बघ. मी काय म्हणत होते?"

सिदूनं मग चाकाजवळचा ब्रेकचा जबडा खोलला आणि आतले दोन पॅड काढून उन्हात धरले. ते खरबरीत असायला हवे होते. ते काळे, गुळगुळीत होते, त्यांच्यावर एक चमक होती.

"तेल पिलंय यांनी," तो म्हणाला. "आता कळलं. पॅडला तेल लागलं की संपलं. किती बी दाबा, चकतीवरून नुसते घसरत्यात. शॉकअपचं सील फुटलं असंल, त्यातून गळलं असंल."

आप्पांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि त्याच श्वासात त्यांना स्वतःची किळस आली.

रुद्राणी दुकानात गेली, पांढऱ्या पॉपलीनचं एक कात्रण घेऊन आली आणि तिनं शॉकअपची दांडी वरपासून खालपर्यंत पुसली. कात्रणावर राखेचा करडा पट्टा आला. तेल नाही. मग तिनं त्याच कात्रणाच्या दुसऱ्या टोकानं चकतीची आतली बाजू पुसली. तिथं पिवळसर, चिकट डाग आला.

"शॉकअप कोरडा हाय," ती म्हणाली. "हे वरून आलंय."

"मग कुणी मुद्दाम तेल सोडलं काय?" सिदू हसला. मग हसता हसता थांबला. "वहिनी, गाडी धुतली होती का मधी?"

"त्याच आठवड्यात. अंगदकडं."

"मग झालं! धुवून झाल्यावर चमकावं म्हणून फवारा मारत्यात हे लोक. डिझेल, पॉलिश, काय बी. चकतीवर उडालं असंल. काय आप्पा?"

रस्त्याकडेच्या बोअरपाशी अंगदनं अलीकडंच गाड्या धुवायचं सेंटर टाकलं होतं. चांगला पोरगा. आप्पांकडून फडक्यांसाठी जुन्या कापडाचे तुकडे न्यायचा.

रुद्राणी आणि सिदू दोघंही आप्पांकडं बघत होते. हीच वेळ होती. दुसरं कुणी नव्हतं, ओरडणारं कुणी नव्हतं. दोन वाक्यांत सांगून झालं असतं.

"असंल," आप्पा म्हणाले.

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. पोरीच्या अंगावर ढकललं ते न कळून, असं म्हणायला थोडीफार जागा होती. आजचं 'असंल' तर सगळं कळून म्हटलं होतं.

सकाळी ते मशीनवर बसले खरे, पण शिलाई वाकडी पडत होती. तेवढ्यात मल्लम्मा बाहेरून आली.

"अहो, ऐकलं का? सिदूनं चहाच्या टपरीवर सांगितलं म्हणं. सुग्रीव अंगदकडं गेलाय, चार पोरं घेऊन. सेंटर बंद पाडतो म्हणतोय. रुद्राणी तिकडंच पळाली, थांबवायला."

आप्पा उठले. चप्पल एकाच पायात नीट गेली. बसस्टँड ओलांडून, पेट्रोल पंपाच्या बाजूनं ते जवळजवळ धावतच निघाले. वाटेत कुणीतरी "काय आप्पा, कुठं?" म्हणालं, त्याला उत्तर द्यायला दम नव्हता.

सेंटरवर पाण्याचा पाइप जमिनीवर पडून सुसाट वाहत होता. चिखल झाला होता. सुग्रीवनं अंगदची गचांडी धरली होती.

"सांग बे, काय मारलं होतं गाडीवर?"

"पाणी आन् शाम्पू, दुसरं काय बी न्हाई!" अंगद म्हणत होता. "फवारा माझ्याकडं न्हाईच. बघ ना, हुडक!"

"सुग्रीवदादा, सोडा त्याला," रुद्राणी मध्ये पडत होती. "मी त्याचं नाव घेतलेलं न्हाई. मला नक्की ठाऊक न्हाई."

"तुमचा सासराच म्हणला 'असंल' म्हणून! सिदूनं सांगितलं."

"सोड," आप्पा म्हणाले.

त्यांचा आवाज बसलेला होता. कुणाला ऐकू गेला नाही. ते चिखलात शिरले आणि सुग्रीवचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"सोड त्याला. तेल मी घातलं."

"काय?"

"माझ्या मशीनचं तेल. ब्रेक ओरडत होता, म्हणून चकतीला घातलं. आदल्या दिवशी संध्याकाळी. तिला ठाऊक न्हवतं. कुणालाच ठाऊक न्हवतं."

सुग्रीवची पकड सैल झाली. अंगद मागे सरकला. रुद्राणी जिथं होती तिथंच उभी राहिली.

"मग त्या दिवशी?" सुग्रीव म्हणाला. त्याला राग यायच्या आधी कोडंच पडलं होतं. "मी दारात आलतो तवा? तुमी म्हणलात, पोरीची चूक हाय. तुमी सोता म्हणलात, आप्पा. मी तुमचा शब्द घेऊन गेलो."

"व्हय. म्हणलो."

"आन् काल?" हे अंगद म्हणाला. "काल माझं नाव निघालं तवा?"

 अंगदनं ओली कॉलर झटकली, जाऊन नळ बंद केला, पडलेला पाइप गुंडाळायला लागला. आप्पांकडं पाठ करूनच तो म्हणाला, "आता जावा समदे. गिऱ्हाईक खोळंबलंय माझं."

आप्पांनी मागं वळून बघितलं. रुद्राणी निघून गेली होती.

घरी ती रोजच्यासारखी कामाला लागली. भांडली नाही, रडली नाही. ताट वाढलं, पाणी ठेवलं. संध्याकाळी महांतेशचा फोन आला तेव्हा थोडा वेळ ऐकून तिनं तो आप्पांपुढं धरला. "मामांना विचारा," म्हणाली. आप्पांनी मुलाला सगळं सांगितलं, ओट्यावर काय बोललो तेही, अंगदचंही.  मग महांतेश म्हणाला, "मी बी तिचं खरं मानलं न्हाई, आप्पा. रोज सांगत होती ती." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आप्पा भिवराबाईकडं गेले. ती दारात बसली होती, प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, पुढ्यात अर्धी राहिलेली गोधडी. सुग्रीव आत होता. आईला त्यानं सगळं सांगितलं होतं हे तिच्या तोंडावरून कळलं.

"भिवराबाई, माझ्या हातून..." आप्पांनी सुरुवात केली.

"बसा आधी," ती म्हणाली. "उभ्यानं माफी मागू नका, मला मान वर करून बघाया लागतं."

आप्पा बसले.

"तेल तुमी चुकून घातलं," भिवराबाई म्हणाली. "त्याचं मला काय न्हाई. चांगलं कराया गेलात, वाईट झालं. माझा हात मोडायचा होता, मोडला. पर ती पोरगी रस्त्यात मला आधार देऊन बसलती. तिच्या हातातनं रगत गळत होतं आन् ती मला म्हणत होती, मावशी हात हलवू नका. तिच्यावर तुमी चार मानसांत ढकललं. ते चुकून न्हवतं."

"न्हवतं," आप्पा म्हणाले.

"मग त्याची माफी माझ्याकडं कावून मागता?"

आत सुग्रीव खोकला. बाहेर न येताच तो म्हणाला, "तिला चालवू द्या गाडी. माझं काय म्हणणं न्हाई. गल्लीत मी सांगतो काय ते."

आप्पा उठायला लागले, तर भिवराबाईनं गोधडी त्यांच्याकडं सरकवली. एका गरोदर पोरीची होती, बाळ यायच्या आत द्यायची होती. "तुमचं शिवणकाम हाय म्हणून म्हणते. मला एका हातानं होत न्हाई."

आप्पांचा हात मशीनवर बसलेला. हातशिलाईची सवय कधीच गेली होती. त्यांनी सुई घेतली, एक ओळ घातली. भिवराबाईनं वाकून बघितलं.

"लांब पडलाय टाका. उसवा."

त्यांनी उसवलं. तेव्हापासून दुपारचं दुकान बंद करून ते तिच्याकडं जायला लागले. गल्लीतली माणसं बघायची, आपसात बोलायची. आप्पांना ते कळायचं. पूर्वी सकाळी ओट्यावर येऊन बसणाऱ्यांपैकी काहीजण आता यायचे नाहीत. वाटेत अंगदचं सेंटर लागायचं. पहिल्यांदा आप्पांनी त्याच्यासमोर थांबून हात जोडले तेव्हा अंगद नुसता "हूं" म्हणाला. फडक्यांसाठी तो पुन्हा दुकानात आला नाही. कापडाचे तुकडे आप्पा स्वतः नेऊन त्याच्या शेडमध्ये ठेवून यायचे, तो घ्यायचा की नाही ते त्यांनी कधी वळून बघितलं नाही.

सिदूनं नवे पॅड आणले. जुने पुसून चालत नाहीत, आत मुरलेलं तेल निघत नाही, असं तो म्हणाला. चकती रुद्राणीनं स्वतः साफ केली. लॅबमधून आणलेलं स्पिरिट आणि स्वच्छ कापूस घेऊन ती पुसत राहिली, कापूस पांढराच्या पांढरा निघेपर्यंत. मग पॅड बसवले. "नवे हायत, लगेच पकडणार न्हाईत," सिदूनं बजावलं. "मोकळ्या जागी हळूहळू दाबून बसवा, मग रस्त्यावर."

सकाळी बाजाराचं मैदान रिकामं होतं. रुद्राणी गाडी घेऊन तिथं गेली. आप्पा लांब, लिंबाच्या सावलीत उभे राहिले. बोलावलं नव्हतं, पण घरी थांबता आलं नाही. ती थोडी पुढं जायची, ब्रेक दाबायची, थांबायची. पुन्हा. पहिल्या फेऱ्यांना गाडी ओघळल्यासारखी थांबत होती, मग हळूहळू नेमकी थांबायला लागली. शेवटी तिनं जरा वेगानं येऊन ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. ती तशीच बसून राहिली, दोन्ही पाय जमिनीवर, मान खाली.

मग ती गाडी घेऊन झाडापाशी आली. इंजिन बंद केलं.

"मामा, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी मी दारात उभी होते. ब्रेक लागला न्हाई म्हणून सांगत होते. तवा तुमाला ठाऊक होतं का?"

आप्पांनी गाडीच्या पुढच्या चाकाकडं बघितलं. 'नव्हतं' म्हणता आलं असतं. तेही अगदीच खोटं ठरलं नसतं.

"अर्धं ठाऊक होतं," ते म्हणाले. "उरलेलं कळंल म्हणून कुणाला विचारलं न्हाई. समोर सिदूचं गॅरेज हाय, तरी विचारलं न्हाई. भ्यालो."

"कशाला? सुग्रीवला?"

"न्हाई. तू काय म्हणशील त्याला."

रुद्राणीनं त्यांच्याकडं बघितलं, ओट्यावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा सरळ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण चेहरा काही सैल झाला नव्हता.

"मी काय म्हणाले असते?" ती म्हणाली. "हसले असते, मामा. त्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी कोपराला मलम लावत हसले असते. म्हणाले असते, मामा, तुमचं तेल आन् तुमी. आता न्हाई हसता येत."

"व्हय."

"लगेच येणार बी न्हाई."

"व्हय," आप्पा म्हणाले. दुसरं काही म्हणायचा हक्क त्यांना वाटत नव्हता.

तिनं ओढणी गळ्याशी बांधली. लॅबच्या मालकाला तिनं फोन केला होता. घरोघरचं काम परत मिळेल असं तो म्हणाला होता, पण आधी काही दिवस काम देऊन बघू म्हणून. परळीत एक म्हातारे गृहस्थ उपाशीपोटी तिची वाट बघत बसले होते.

"आत्याबाईंना सांगा, जेवायला थांबू नका म्हणावं," ती म्हणाली आणि गाडी सुरू करून निघाली. मैदानाच्या कडेला रस्ता लागतो तिथं ती थांबली, दोन्हीकडं बघितलं, एक टिप्पर जाऊ दिला आणि परळीच्या बाजूला वळली.

आप्पा राख खाली बसेपर्यंत तिथं उभे होते. मग ते भिवराबाईच्या घराकडं निघाले. ती गरोदर पोरगी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि गोधडीची किनार अजून राहिली होती.